फुगडीतले समोरचे हात

(नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलून पत्र इथे थोडक्यात दिलं आहे.)

बाई,
मी ४४ वर्षांचा आहे. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात वाढलो, शिकायला पुण्याला आलो आणि इथेच राहिलो. मी गे आहे. गेल्या दिवाळीत आईला सांगितलं. ती ७१ वर्षांची आहे, वडील नाहीत. ती रडली नाही, ओरडलीही नाही. पण तेव्हापासून रोज फोनवर माझं लहानपण उकरत बसते. "तुला मंगळागौरीत नाचू दिलं, तिथंच माझं चुकलं. तुझे वडील सदा फिरतीवर, घरात सगळ्या बायका. मीच तुला ओट्याशी घेऊन बसायचे." तिनं जुना अल्बम काढलाय. त्यात १९८८ च्या श्रावणातला एक फोटो आहे, त्याची प्रत सोबत जोडतो. मी सात वर्षांचा, माजघरात कुणाशी तरी फुगडी घालतोय. समोरच्या बाईचे हिरव्या बांगड्यांचे हात तेवढे दिसतात, बाकी ती फोटोच्या बाहेर आहे. मी त्यात जितका खूश दिसतो तितका नंतरच्या एकाही फोटोत नाही. आई म्हणते, हा फोटो फाडून टाकावासा वाटतो.

तिला एक गोष्ट मी सांगितलेली नाही. बारा वर्षांचा असताना काकूच्या मंगळागौरीला नेहमीसारखा आत जाऊन बसलो, तर आईनं दंडाला धरून बाहेर आणलं. "मोठा झालास आता, बायकांत काय करतोस?" म्हणाली आणि दार लावून घेतलं. आत पिंगा चालू झाला. मी अंगणात बसून ऐकत राहिलो.

दुसरी गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. पाचवीपासून दिलीप आणि मी एका बाकावर. आठवीच्या गॅदरिंगला त्यानं गवळणीवर नाच केला. सुंदर नाचत होता. मागून पोरांनी गणपत पाटलांच्या आवाजात "आत्ता गं बया" सुरू केलं. मग काही जण वळून माझ्याकडे बघायला लागले, कारण आम्ही दोघं कायम बरोबर. मी उभा राहिलो आणि "बायल्या!" म्हणून ओरडलो. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. त्यानं नाच थांबवला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तो वेगळ्या बाकावर बसला, आणि वर्ष संपल्यावर शाळा सोडून मामाकडे इचलकरंजीला गेला. आता फेसबुकवर सापडलाय. यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, बायको आहे, दोन मुली आहेत. तो मला तेव्हा फार आवडायचा, हे खूप उशिरा कळलं. त्याची माफी मागू का? आईला काय सांगू? आणि माझं बालपण सुखाचं होतं की नव्हतं, हेच मला आता कळेनासं झालंय.
– अंगणातला

प्रिय 'अंगणातल्या',

आईपासून सुरुवात करते, कारण फोन रोज तिचा येतो.

तुमच्या पत्रात एकच दार दोनदा आलं आहे. ते उघडं ठेवलं म्हणून सगळं बिघडलं, असं आईला वाटतं. तुम्हाला बत्तीस वर्षं सलतंय ते तिनं ते लावून घेतलं म्हणून. ज्या गोष्टीसाठी ती स्वतःला रोज फटके मारते आहे, ती तिनं तुम्हाला दिलेली सगळ्यांत चांगली गोष्ट होती. आणि जे तुम्हाला खरंच लागलं, ते बहुधा तिच्या लक्षातही नसेल. हे तिला तुमच्याशिवाय दुसरं कोण सांगणार?

पण आधी तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. मंगळागौरीत नाचून कुणी गे होत नाही. ओट्याशी बसून होत नाही, आणि वडील फिरतीवर असले म्हणूनही होत नाही. तुमची आई तुमच्याच भागातली आहे ना? मग तिला अपशिंगे गावाची आठवण करून द्या. साताऱ्याजवळच्या या गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या घरांतून माणसं फौजेत गेली. बाप सीमेवर आणि मुलं आई-आजीच्या हाताखाली, असंच तिथलं बालपण. कोकणात आणि घाटावर हजारो घरांतले बाप मुंबईच्या गिरण्यांत होते, गणपतीला आणि शिमग्याला तेवढे घरी यायचे. बाप घरात नसल्यानं मुलगे गे होत असते, तर अर्धा महाराष्ट्र गे असता.

शास्त्राचं म्हणाल तर २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सुमारे पावणेपाच लाख माणसांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. समलिंगी असण्याला कारण ठरणारं एकच एक जनुक त्यात सापडलं नाही. पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा वाटा दिसला, आणि नुसत्या जनुकांवरून कुणाचं काहीच भाकीत करता येत नाही, हेही दिसलं. लोक इथे लगेच म्हणतात, "म्हणजे मग संगोपनच!" तसं नाही. आईनं फार लाड केले किंवा बापाचा धाक कमी पडला म्हणून मूल समलिंगी होतं, याला इतक्या वर्षांत काही आधार मिळालेला नाही. मला विचाराल तर आई क्रम उलटा लावते आहे. तुम्ही आत जाऊन बसायचात, कारण तुम्ही आधीच तुम्ही होतात. आणि नाचाची आवड असलेले सगळे मुलगे काही गे नसतात, तशी गे माणसं कबड्डीच्या मैदानातही भरपूर वाढली आहेत. तुमच्या वर्गात ज्यांच्या नावानं चिडवणं चालायचं, त्या गणपत पाटलांचंच बघा. संसारी माणूस, पोराबाळांचा बाप. पडद्यावर नाच्या इतका खरा वठवला की लोकांनी अभिनय आणि माणूस यांत फरकच ठेवला नाही, आणि टोमणे त्यांच्या घरच्यांनाही सोसावे लागले. त्या शब्दाला समोरचा माणूस कोण आहे याच्याशी कधी देणंघेणं नव्हतं.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. असे फोन चालू झाले की कधीतरी एखादा नातेवाईक 'यावर औषध देणारा' डॉक्टर सुचवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढायचं ठरवलं, ती तारीख १७ मे १९९०. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये असे 'बदलण्याचे उपचार' हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. आईला एवढं पाठ असू द्या, म्हणजे ती नातेवाइकाला परस्पर उत्तर देईल.

त्या तारखेपाशी मी बराच वेळ थांबले. मे १९९० मध्ये तुम्ही नऊ वर्षांचे. तिसरीची परीक्षा झालेली, सुट्टी लागलेली, नदीवर डुंबणं चाललेलं असेल. त्याच वर्षी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे मासिक सुरू झालं, म्हणजे तुमच्यासारखी माणसं एकमेकांना शोधून छापील कागदावर बोलायला लागली होती. तुमच्या गावातून एसटीनं सात-आठ तासांवर. त्यातलं काहीही तुमच्यापर्यंत पोचलं नाही.

आणि १९९० कशाला? र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ मध्ये काढलं आणि १९५३ मध्ये स्वतः जाईपर्यंत चालवलं. वाचक त्यांना शरीरसंबंधांबद्दल मोकळेपणी विचारायचे आणि ते उत्तरं छापायचे. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, आणि ज्यांची उत्तरं टोचली त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण वाचकानं विचारलं तर उत्तर द्यायलाच हवं, ही बाजू कोर्टात मांडली गेली. तुम्ही बाकावर बसून दिलीपकडे बघत होतात आणि जगात असं वाटणारे आपण एकटेच, असं समजत होतात, त्याच्या साठ वर्षं आधी महाराष्ट्रातल्या एका संपादकानं या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी दंड भरला होता. हे मला कुणी डीएडला शिकवलं नाही. मी तुम्हाला शिकवू शकले नाही.

'तुम्हाला' असं मुद्दाम लिहिते आहे. या सदराचे जुने वाचक मला 'बाई' म्हणतात, कारण मी २७ वर्षं शाळेत शिकवलं. आमच्या शाळेत एक शिक्षा होती आणि तुमच्याही शाळेत असणार. गडबड करणाऱ्या मुलाला मुलींच्या रांगेत नेऊन बसवायचं. छडीपेक्षा बरी, म्हणून आम्ही ती दयेची शिक्षा समजायचो. एकदा पाचवीतला एक मुलगा शिक्षा ऐकल्यावर आनंदानं उठला, दप्तर घेतलं आणि मुलींमध्ये जाऊन ऐसपैस बसला. वर्ग हसला. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाचं नाव पडलं, आणि तो शब्द मी वर्गात असंख्य वेळा ऐकला. दर वेळी "शांत बसा" एवढंच म्हणाले. शिवी दिली म्हणून कुणाला उभं केलं नाही. पोरींमध्ये बसणं हा अपमान आहे, हे मुलांना शिकवणारी मीच होते. पोरांनी फक्त धडा गिरवला.

म्हणून तुमच्या आठवीतल्या त्या ओरडण्याबद्दल मला दोन्ही बाजूंनी बोलायचंय. सगळ्यांच्या नजरा वळल्यावर तेरा वर्षांच्या मुलाची काय अवस्था झाली असेल, हे मी समजू शकते. मागे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा १८६० चा कायदा, पुढे हसणारा हॉल, आणि बाजूला माझ्यासारखी बाई, जी काही बोलणार नव्हती. पळायला जागा नव्हती. पण 'लहान होतो' म्हणून तो विषय मिटवू नका, कारण तुमच्यासाठी तो मिटलेला नाही. दिलीपसाठी मिटलाय का, ते तुम्हाला माहीत नाही.

त्या पाचवीतल्या मुलाला मी निवृत्त झाल्यावर शोधलं आणि फोन केला. मोठा भाषणासारखा मजकूर तयार ठेवला होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, पोरं हसली ते लक्षात नाही. तुम्ही हसला होतात ते आहे." मला वाटत होतं, आता तो म्हणेल, "जाऊ द्या बाई." तो म्हणाला नाही. मुलीला क्लासला सोडायचं होतं, त्यानं फोन ठेवला. मी रात्रभर जागी होते आणि सकाळी माझ्या लक्षात आलं की मी त्याच्याकडे पुन्हा काहीतरी मागायलाच गेले होते.

तेव्हा दिलीपला जरूर सांगा, पण मागू नका. फेसबुकवर लांबलचक काही लिहू नका. दुकानदाराचा फोन दुकानातला पोरगा उचलतो, संध्याकाळी मुलींच्या हातात असतो. एवढंच लिहा की मी अमुक, आठवीपर्यंत तुझ्या बाकावर होतो, पाच मिनिटं बोलायचं होतं, कधी फोन करू. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहू नका. ते न येणं हेसुद्धा त्याचं उत्तर समजा. आलं, तर फोनवर सांगा: "गॅदरिंगला तू नाचत होतास तेव्हा मी ओरडलो होतो. सगळ्यांत मोठ्यानं मीच. ते फार वाईट केलं मी. तू छान नाचत होतास." आणि थांबा. शेवटचं वाक्य गाळू नका. त्या दिवशी ते त्याला कुणीच म्हटलं नसणार.

त्या फोनवर तुम्ही गे आहात हे सांगू नका. लपवायचं म्हणून नव्हे. पण ते सांगितलंत की गोष्ट तुमची होते आणि त्याला तुमची समजूत घालावी लागते. आणि तो गे होता, असं मनातसुद्धा धरू नका. त्याचा नाच बघून पोरांनी तेच तर केलं होतं. तो असेल, नसेल, त्याला नाच आवडत असेल इतकंच असेल. तो तुम्हाला आवडायचा, ही गोष्ट तुमची आहे आणि ती चांगली आहे, तिच्यावर बायल्या म्हणून ओरडल्याची काजळी चढू देऊ नका. ती ज्यांना अर्धं वाक्य ऐकूनच कळेल अशा माणसांत बोला. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. तिथे तुमच्या वयाची, तालुक्याच्या गावांतून आलेली माणसं भेटतील. रात्री फारच जड झालं तर १४४१६ हा सरकारचा मानसिक आधाराचा 'टेली मानस' क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

आता आई. फोनवर वाद घालू नका, गावी जा. पहिल्यांदा जाल तेव्हा अल्बम तिच्या मांडीवर ठेवा आणि त्या फोटोबद्दल सांगा, की मी इतका खूश पुन्हा कधी दिसलो नाही आणि ते तुझ्यामुळे. कारणमीमांसा तिला पटेल की नाही माहीत नाही. अपशिंग्याचं उदाहरण कदाचित पटेल. पण "तुझ्यामुळे मी खूश होतो" हे तिनं गेल्या दिवाळीपासून एकदाही ऐकलेलं नाही. फोटोची प्रत तुमच्याकडे आहे हे बरं झालं, मूळ फोटो मात्र तिच्याकडेच राहू दे. तो तिच्या हातून फाटणार नाही, असं मला वाटतं.

दाराचं त्याच दिवशी काढू नका. दुसऱ्या खेपेला, तिसऱ्या खेपेला, ती भाजी निवडत असताना काढा. "का केलंस?" असं विचारू नका. "त्या दिवशी मी अंगणात बसून ऐकत होतो, मला फार वाईट वाटलं होतं," एवढंच. ती म्हणेल, मला आठवत नाही. तिच्यावर विश्वास ठेवा. आणि मग विचारा, त्या दिवशी आत तुला कुणी काही बोललं होतं का? माझा अंदाज आहे की बोललं होतं. सात वर्षांचा मुलगा फुगडी घालतो तेव्हा बायका कौतुक करतात. तोच बारा वर्षांचा झाला की कुणीतरी सासू, कुणीतरी जाऊ आईला कोपऱ्यात घेऊन दोन शब्द ऐकवते. १९९३ मध्ये घरातल्या सुनेला त्यावर उलट बोलता येत नव्हतं. दार लावणं येत होतं. तुम्ही हॉलमध्ये ओरडलात आणि तिनं दार लावलं, या दोन गोष्टींत मला फारसा फरक दिसत नाही. बघणाऱ्यांचे डोळे तेच होते. हे तुम्ही तिला सांगू शकलात, दिलीपची गोष्टही सांगितलीत, तर कदाचित पहिल्यांदाच तुम्ही दोघं एका बाजूला बसाल.

तिच्या वयाच्या आयांशी तिला बोलू द्या. 'स्वीकार' हा पालकांचा गट आहे. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाच्या हक्काची सुनावणी चालू असताना त्यातल्या चारशेहून अधिक आईवडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं, की आमच्या मुलांना लग्न करता यावं. निकाल त्या वर्षी १७ ऑक्टोबरला आला आणि तो त्यांच्या मनासारखा नव्हता. तरी तुमच्या आईला हे कळलं पाहिजे की 'माझंच चुकलं' इथून निघून तिच्यासारख्या बायका कुठवर पोचल्या आहेत.

बालपण सुखाचं होतं का? फोटोतला मुलगा खरा आहे आणि अंगणातलाही. त्यांची बेरीज करून एक आकडा काढायची तुम्हाला कुणी सक्ती केलेली नाही.

तुम्ही पाठवलेला फोटो मी खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. फुगडीत मोठ्या माणसाशी मोठं माणूस असलं की दोघी बोटांत बोटं अडकवून, पाय जुळवून, अंग मागं झोकतात. लहान मुलाबरोबर तसं करता येत नाही, त्याची बोटं सुटतात. मग बाई थोडी वाकते, वेग कमी करते आणि त्याची मनगटं धरते. या फोटोत त्या हिरव्या बांगड्यांच्या हातांनी तुमची मनगटं धरलेली आहेत, अगदी घट्ट. त्या कोण होत्या, तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हालाही आठवत नसावं. आईला विचारा. कळलं तर मलाही कळवा.